सुईदोऱ्याचें शिक्षण

(आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी महोत्सव समितीची इच्छा होती. परंतु तें काम इतरांनीं माझ्याहून चांगलें केलें आहे. चर्च केव्हां बांधलें, घंटा कोणीं अर्पण केली, वेदीचा जीर्णोद्धार कसा झाला, हें सर्व या स्मरणिकेंत आपणांस सांपडेल. म्हणून मी आज एका अगदीं लहान वस्तूविषयीं बोलणार आहें. ती वस्तु पूर्वीं घरोघर असे. आज पुष्कळांच्या घरीं ती शोधावी लागेल. ती वस्तु म्हणजे सुई. विषय ऐकून कित्येकांच्या मुखावर स्मित उमटलेलें मला येथून दिसत आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. फक्त शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, इतकीच विनंति आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरांतील टबीथा नांवाच्या शिष्येची हकीकत आहे. ती आजारी पडून वारली, तेव्हां पेत्राला बोलावणें गेलें. तो माडीवर येतांच सर्व विधवा रडत रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या आणि टबीथानें जिवंतपणीं शिवलेलीं वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. त्यांनीं तिच्या सद्गुणांचें व्याख्यान दिल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. त्यांनीं कपडे दाखविले. हा प्रसंग मीं कितीदां तरी वाचला होता. त्यावर प्रवचनेंही केलीं होतीं. परंतु एक साधा प्रश्न माझ्या मनांत कधीं आला नव्हता. पेत्रानें तिला उठविलें नसतें, तर पुढें त्या विधवांचे कपडे उसवल्यावर ते कोणीं शिवले असते?

हा प्रश्न मला एका मुलानें घातला, आणि तोही एक शब्द न बोलतां.

आपल्याच धर्मग्रामांतील दहा-अकरा वर्षांचा तो मुलगा वेदीसेवक आहे. मध्यंतरीं लागोपाठ तीन रविवार तो मिस्सेला आला नाहीं. धर्मशिक्षणाच्या वर्गालाही नव्हता, आणि चौकशी करतां त्याची शाळाही बुडत असल्याचें कळलें. त्याची आई चार घरचीं धुणींभांडीं करून संसार चालविते. सकाळीं सहाला घर सोडते, ती दिवेलागणीला परत येते. मुलगा वाईट संगतीला लागला असावा, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें आणि थोडा रागावूनच त्याच्या घरीं गेलों. तो दाराआड उभा राहिला, कांहीं केल्या बाहेर येईना. बऱ्याच वेळानें कळलें तें इतकेंच, कीं शाळेंत आणि चर्चला जी घालावयाची, ती त्याची एकुलती एक धड विजार मागील बाजूस वीतभर उसवली होती. घरांत सुई नव्हती. असती तरी ती कशी धरावी, हें त्याला ठाऊक नव्हतें. आईला वेळ नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर तिलाही तें कोणीं कधीं शिकविलें नव्हतें.

नाताळाच्या वाटपांतून उरलेली एक नवी विजार मीं तत्काळ त्याला नेऊन दिली आणि मोठें सत्कृत्य केल्याच्या समाधानानें परतलों. चार महिन्यांनीं तोच मुलगा पुन्हां दिसेनासा झाला. कारण तेंच होतें; विजार मात्र दुसरी. तेव्हां मला माझी चूक कळली. मीं त्याला कपडा दिला होता, पण तो टिकविण्याचें साधन दिलें नव्हतें.

ही चूक मला अधिक लागली, याचें कारण मला स्वतःला शिवतां येतें. सेमिनरींत असतांना आमच्या कपड्यांची खोली एका वृद्ध ब्रदरांकडे होती. एकदां माझा झगा दाराच्या खिळ्याला अडकून फाटला. तो मीं त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालों. त्यांनीं मला परत बोलाविलें, सुई माझ्या हातांत दिली आणि शेजारचें स्टूल दाखविलें. “उद्यां तुम्ही गांवोगांव जाल, तेथें मी येणार नाहीं,” इतकेंच ते म्हणाले. मीं शिवलेलें त्यांनीं तीन वेळां उसवलें. चवथ्या वेळीं कांहीं न बोलतां झगा माझ्या स्वाधीन केला. त्या दिवसापासून माझ्या सदऱ्याचें बटन दुसऱ्या कोणाला लावावें लागलेलें नाहीं. परंतु जी विद्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं आपला वेळ खर्चून मला दिली, ती मीं इतक्या वर्षांत एकालाही दिली नाहीं. धर्मशिक्षणाचे वर्ग चालविले, लग्नापूर्वींचे वर्ग चालविले. सुई मात्र माझ्या टेबलाच्या खणांतच राहिली. आजचें भाषण म्हणजे एका अर्थानें माझी कबुली आहे.

आतां कोणी म्हणेल, शिवण शिकविणें हें काय धर्मग्रामाचें काम आहे? आपण पुणेकर आहोंत, आणि या प्रश्नाचा पुण्याच्या इतिहासाशीं निकट संबंध आहे. १८८४ सालीं येथें मुलींसाठीं हायस्कूल निघालें, तीच आपली हुजूरपागा. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना थोडें वाचन, घरकाम आणि शिवण आलें म्हणजे पुष्कळ झालें, इंग्रजी व गणित कशाला, असें मानणारे लोक त्या काळीं थोडे नव्हते. म्हणजे सुई ही मुलींना घरांत बसविण्याची एक सबब झाली होती.

परंतु त्याच शहरांत तीच सुई दुसऱ्या हातांत गेली. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व १८९० सालीं तें पुण्यास आणलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों निराधार मुलींना आसरा दिला आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत अक्षरओळखीबरोबर शिवण, विणकाम आणि छपाई अशीं कामें त्यांना शिकविलीं. रमाबाई रानडे यांनीं मुंबईस स्त्रियांचें मंडळ काढलें, तेव्हां भाषा व सामान्य ज्ञान यांच्या जोडीला शिवणाचे वर्ग ठेवले. आणि १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें पुण्यांत सेवासदन उभें केलें, तेव्हांही तोच क्रम चालविला. शिवण शिकावयास जातें, असें म्हटलें म्हणजे घरचें मोठें माणूस फारसें अडवीत नसे. त्या निमित्तानें घराबाहेर पडलेली बाई वाचावयास शिकली, कोणी परिचारिका झाली, कोणी शिक्षिका झाली, आणि जिला हें कांहीं साधलें नाहीं तिलाही चार पैसे स्वतःचे म्हणून मिळूं लागले. विधवेच्या हातांत स्वतःच्या कष्टाचा एक रुपया असणें म्हणजे काय, हें त्या काळच्या वाड्यांतील विधवांनाच ठाऊक.

या इतिहासापासून मीं एक गोष्ट शिकलों. अक्षराच्या जागीं सुई दिली, तर ती बेडी होते. अक्षराच्या जोडीला सुई दिली, तर तें शिक्षण होतें. म्हणून मी आरंभींच बजावून ठेवतों कीं, आपण जो वर्ग काढणार आहोंत तो अभ्यासांत मागें पडलेल्या मुलींची सोय लावण्यासाठीं नव्हे. तो सर्वांसाठीं आहे, आणि मुलांसाठीं तर विशेष आहे.

मुलांसाठीं म्हटल्याबरोबर पुरुषवर्गांत चुळबुळ झाली. बंधूंनो, ज्या महाराष्ट्रांत नामदेवरायांसारखा संत शिंप्याच्या कुळांत जन्मास आला, त्या महाराष्ट्रांत पुरुषानें सुई धरण्याची लाज कां वाटावी? आणि आपल्या ख्रिस्तसभेंतील डॉन बॉस्को यांचें चरित्र पाहा. १८१५ सालीं इटलींत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. शाळेसाठीं ते कास्टेलनुओव्हो गांवीं एका शिंप्याच्या घरीं राहिले आणि फावल्या वेळांत त्याच्यापाशीं बटनें लावावयास, कडा दुमडावयास व कपडे बेतावयास शिकले. पुढें ट्यूरिन शहरांत निराधार मुलांना त्यांनीं आश्रय दिला, तेव्हां ही शिकलेली गोष्ट कामास आली. त्यांची आई मार्गारीता मुलांचे फाटके कपडे रात्रीं बसून शिवीत असे. तिनें आपल्या लग्नाचीं वस्त्रें मोडून चर्चच्या उपयोगासाठीं दिलीं. परंतु डॉन बॉस्को आईच्या सुईवर विसंबून राहिले नाहींत. १८५३ सालीं त्यांनीं पहिल्या कार्यशाळा काढल्या, त्या चांभारकामाच्या आणि शिंपीकामाच्या. ज्याला शिवलेलें मिळत होतें, तो मुलगा तेथें शिवणारा झाला.

दुसरा आक्षेप असा येतो कीं, आज कपडे स्वस्त झाले आहेत; घरबसल्या मागवितां येतात; फाटकें शिवीत बसण्याइतका वेळ कोणाला आहे? स्वस्त झाले आहेत, हें खरें. परंतु कोणाला स्वस्त? विदर्भांतील शेतकऱ्यानें उन्हातान्हांत कापूस पिकविला, कोणीं सूत कातलें, इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करून कोणीं कापड विणलें, आणखी कोणीं तासन्‌तास यंत्रावर वांकून तें शिवलें. इतक्या जणांचे श्रम एक बटन तुटल्यामुळें कचऱ्यांत गेले, तर तें स्वस्त म्हणावें कीं उधळपट्टी म्हणावी? आणि वेळेचें म्हणाल, तर बटन लावावयास पांच मिनिटें पुरतात.

ठिगळाची लाज वाटते, हें मात्र मी समजूं शकतों. ज्यानें दारिद्र्य पाहिलें आहे, त्याला ठिगळ म्हणजे दारिद्र्याची पाटी वाटते. परंतु आपल्या घरांतील गोधडी आठवा. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून पुण्यास आले. त्यांच्या बोचक्यांत फारसें कांहीं नव्हतें, पण गोधडी होती. आजीचें जुनें लुगडें, आज्याचें विरलेलें धोतर, लेकरांच्या अंगच्या झालेल्या चिंध्या, असें सर्व एकावर एक अंथरून त्यावर धावदोरा घातलेला. कडेकडेनें सुरू होऊन हळूहळू आंत जाणारे ते हजारों टांके. गोधडींत ठिगळावांचून दुसरें काय आहे? तरी तिच्यांत निजतांना कोणाला लाज वाटली नाहीं. तिच्या उबेंत आपण वाढलों.

आतां शिकवावयाचें काय, तेंही थोडक्यांत सांगतों. आरंभाला यंत्र नको. शिवणयंत्राची थोरवी मी नाकारीत नाहीं; १८४६ सालीं एलियास होवे यांना आणि १८५१ सालीं आयझॅक सिंगर यांना त्याचें पेटंट मिळालें, आणि तेव्हांपासून लाखों कुटुंबांची चूल त्यावर पेटली आहे. यंत्रयुगावर टीका करणाऱ्या गांधीजींनींही १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. परंतु उसवलेली शिवण, तुटलेलें बटन आणि पडलेलें भोंक यांना पुष्कळदां हातचीच सुई लागते. ज्याच्या हाताला टांका कळला, त्याला यंत्र लवकर वश होतें. ज्याला कळला नाहीं, त्याच्या घरीं दान मिळालेलें यंत्र चादरीखालीं झांकून राहतें.

दोरा घ्यावा तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लांब नको. लांब दोरा वेळ वांचवील, असें शिकणाऱ्याला वाटतें. प्रत्यक्षांत तो गुंततो, आणि पुनःपुन्हां कापडांतून घासून जाऊन कमजोर होतो. उसवलेली शिवण जेथून उसवली तेथूनच धरूं नये. अर्धा इंच मागें, जुनी शिवण शाबूत असेल तेथून आरंभ करावा आणि पलीकडेही अर्धा इंच शाबूत जागेंत जाऊन थांबावें. दर टांक्याला थोडें मागें येऊन पुढें गेलें, म्हणजे शिवणीला बळकटी येते. बटन लावतांना त्याच्याखालीं आगपेटीची काडी धरावी. टांके झाल्यावर काडी काढून त्या मोकळ्या दोऱ्याला चार वेढे द्यावे. अशी मान असली म्हणजे काजाच्या कापडाला बसावयास जागा मिळते व बटन ओढलें जात नाहीं.

ठिगळाविषयीं तर प्रभूनींच आपणांस सांगून ठेवलें आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ कोणी लावीत नाहीं, नाहीं तर फाटलेलें अधिकच फाटतें, हा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ आम्ही धर्मगुरु सांगतों. साधा अर्थ शिवणाऱ्यांनाच कळतो. मागावर सूत ताणलेलें असतें. कोरें कापड पाण्यांत पडलें म्हणजे तो ताण सुटतो व तें आटतें. जुनें कापड पूर्वींच आटलेलें असतें. म्हणून नवें ठिगळ पहिल्या धुण्यांत आंखडतें आणि भोंवतालच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडतें. याकरितां ठिगळाचें कापड आधीं धुवून वाळवावें, भोंकाहून चहूंकडून बोटभर मोठें कापावें, आणि त्याचा उभा-आडवा दोरा जुन्या कापडाच्या उभ्या-आडव्या दोऱ्याशीं जुळवून मग लावावें. नाझरेथच्या घरांत कोणीतरी असेंच ठिगळ लावीत असेल आणि बाळ येशूनें तें पाहिलें असेल, असें मला नेहमीं वाटतें.

आणि शेवटीं उसवण्याची विद्या. चुकलेला टांका तसाच पुढें रेटूं नये. उसवावा, दोरा काढावा, पुन्हां घालावा. मुलाला न रागावतां तीन वेळां उसवूं देणारा शिक्षक मिळणें, हें मात्र कठीण आहे.

असा शिक्षक आपल्या धर्मग्रामांत आहे. त्या एक आजी आहेत. त्यांचें नांव मी घेत नाहीं, कारण तें त्यांना आवडणार नाहीं. चाळीस वर्षें वेदीवरचीं वस्त्रें त्यांनीं शिवलीं. कितीएक मुलींचे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे पोशाख त्यांच्या हातचे आहेत. त्या मुलाची दुसरी विजार उसवली, तेव्हां मीं नवी दिली नाहीं. त्याला सुई व दोरा घेऊन आजींकडे नेलें. आजींनीं सुई डोळ्यांपाशीं नेली, उजेडाकडे धरली, दोनतीनदां दोरा लाविला. पण नेढें कांहीं सांपडेना. मोतीबिंदूनें त्यांची दृष्टि मंद झाली आहे, हें त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हतें. मुलगा थोडा वेळ पाहत राहिला. मग त्यानें सुई हळूच त्यांच्या हातांतून घेतली आणि एका दमांत दोरा ओवला. आजी म्हणाल्या, “तुझे डोळे आणि माझे हात, चल, बैस.” बोटांनीं चांचपून त्या त्याचा प्रत्येक टांका पाहत होत्या. चुकला कीं म्हणत, “उसव, राजा.”

पुढच्या रविवारीं तो वेदीपाशीं उभा होता. निळ्या विजारीवर पांढऱ्या दोऱ्याचे वांकडेतिकडे टांके होते. मागें बसलेल्या आपल्यापैकीं कित्येकांना ते दिसलेही असतील. त्याला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. त्यानंतर त्यानें आपल्या आईच्या कामावर न्यावयाच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून दिला. ती माउली मला पिशवी दाखवावयास आली होती. यापोच्या त्या विधवांची मला तेव्हां आठवण झाली.

बंधुभगिनींनो, ज्युबिली फंडांतून शिवणयंत्रें घेऊन तीं गरजू कुटुंबांना वाटावीं, अशी सूचना समितीपुढें आली आहे. सूचना सद्‌हेतूची आहे, परंतु माझी नम्र विनंति अशी कीं, यंत्रें दोनच घ्यावीं व तीं वर्गांत ठेवावीं. उरलेल्या पैशांतून शिकविणाऱ्या भगिनींना मानधन द्यावें. त्यांच्या हातांतील विद्येचें मोल आपण आजवर कधीं दिलें नाहीं. त्यांतूनच आजींच्या डोळ्यांची शस्त्रक्रियाही व्हावी. आणि ज्यांना शिवतां येतें अशा सर्व वडीलधाऱ्यांना माझें सांगणें आहे कीं, डोळ्यांत उजेड आहे तोंवर एकेकाला तरी जवळ बसवा. ही विद्या पुस्तकानें जात नाहीं. एका हातानें दुसऱ्या हाताला द्यावी लागते, आणि मधला एक हात चुकला कीं ती तेथेंच संपते.

आभाळ फाटलें तर ठिगळ कोठें कोठें लावावयाचें, अशी आपल्याकडे म्हण आहे. बेकारी, व्यसन, कर्ज, हें आपल्या वस्त्यांवरचें फाटलेलें आभाळ आहे, आणि तें सुईनें शिवलें जाणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु आभाळ शिवतां येत नाहीं म्हणून विजारही शिवूं नये काय? एका उसवलेल्या शिवणीपायीं एक मूल शाळेला व देवाच्या घराला मुकत होतें. तेवढें तरी आपल्या हातांत आहे.

येत्या शनिवारीं सायंकाळीं चार वाजतां चर्चच्या सभागृहांत पहिला वर्ग भरेल. मुलांनीं, मुलींनीं, बापांनीं आणि आयांनीं घरचा एक-एक फाटका कपडा घेऊन यावें. सुई व दोरा येथें मिळेल. माझ्या झग्याची बाही उसवली आहे. तो मी घेऊन येणार आहें. यापुढें कोणी टबीथा आपणांतून निघून गेली, तर तिनें शिवलेले कपडे दाखवून रडणारे लोक तर असावेतच, परंतु तिची सुई उचलून पुढचा टांका घालणारेही असावेत. परमेश्वर आपल्या हातांच्या कामास यश देवो.